कागदवालीची सवय

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात जी राहते तिला सगळे कागदवाली म्हणतात. रद्दीशी तिचा काही संबंध नाही. ती विद्यापीठाच्या नगर-अभ्यास विभागात नोकरीला आहे आणि कित्येक वर्षे लोकांच्या घरी जाऊन त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवणे हेच तिचे काम आहे. कागद चांगला मोठा, उघडलेल्या वर्तमानपत्राच्या निम्मा. सोबत एक मऊ पेन्सिल. खोडरबर नाही. दार उघडणाऱ्याला ती आपण कोण, कुठून आलो ते सांगते, बसायला जागा मिळाली की कागद पसरते आणि म्हणते, "तुमचं घर काढा. मग घरातून निघून तुम्ही जिथं जिथं जाता ते सगळं काढा. चित्र चांगलं आलं पाहिजे असं काही नाही."

माणसे आधी लाजतात. चांगले पोक्त गृहस्थ "अहो, मला चित्रकलेत कुणी कधी पास केलं नाही" म्हणून हात मागे घेतात. पण एकदा पेन्सिल टेकली की मग हात थांबत नाही. एका गृहस्थांनी स्वतःचे घर काड्यापेटीएवढे काढले आणि शेजाऱ्याचे राजवाड्याएवढे. शेजाऱ्याने कधी काळी त्यांची शिडी नेली होती आणि ती अजून परत यायची होती. एका बाईंनी बाजार, दवाखाना, शाळा, सगळे अगदी नीट मांडले आणि घरच काढायचे विसरल्या. "घरात मी असतेच कुठं," म्हणाल्या. एका आजोबांचा रस्ता कागदाच्या कडेपर्यंत पोचला, तरी ते थांबले नाहीत. टेबलाच्या फळीवर पुढे काढत गेले आणि त्यांची सून कपाळाला हात लावून बघत राहिली.

असेच कागद जगातल्या कितीतरी शहरांमध्ये कुणी ना कुणी लोकांपुढे ठेवत असते. ते जाड पाकिटांतून विभागात येतात. तिथे एक लांबलचक खोली आहे, भिंतीला लागून उथळ, रुंद खणांची कपाटे. विभागाच्या प्रमुख मॅडम त्या खोलीत समुद्रापलीकडचे आणि आपल्या गल्लीतले कागद शेजारी शेजारी मांडून तासन्‌तास बघत बसतात. नदीकाठची माणसे आधी पूल काढतात, डोंगरउतारावरची माणसे आधी पायऱ्या काढतात. कुठेही जा, लहान मुले आधी कुत्रा काढतात. शहर बदलते, रस्ते रुंद होतात, वस्त्या उठतात, तेव्हा माणसांच्या डोक्यातले शहर किती मागे राहते आणि ते पुन्हा बरोबरीला कधी येते, हा मॅडमच्या संशोधनाचा विषय. तो अहवालात जातो, अहवाल कपाटात जातो. पण एकदा एका वस्तीतल्या झाडून सगळ्यांनी भिंतीच्या भगदाडातून जाणारी एकच पायवाट काढली, तेव्हा नगररचनेच्या कचेरीने भिंत बुजवायचा बेत सोडून तिथे फाटक बसवले. कागदवाली त्या फाटकावरून गेली की अजून त्याला हात लावून जाते.

कामाचा नियम एकच, पण कडक. कागदासमोर बसलेल्याला मदत करायची नाही. बोट दाखवायचे नाही, मान हलवायची नाही, "बरोबर" म्हणायचे नाही आणि "अहो, शाळा त्या बाजूला" असे तर मुळीच म्हणायचे नाही. शाळा खरोखर कुठे आहे ते सरकारी नकाशात असतेच. विभागाला हवी असते ती माणसाच्या डोक्यातली शाळा. म्हणून कुणी विचारले, "बाई, दवाखाना पुलाच्या अलीकडे की पलीकडे हो?" तर कागदवालीचे उत्तर ठरलेले असते. "तुम्हाला कुठं वाटतो?" हे ती इतक्या मऊ आवाजात म्हणते की समोरच्याला राग येत नाही. पण वर्षानुवर्षे म्हणून म्हणून ते वाक्य तिच्या जिभेवर मुक्कामालाच राहिले.

तिच्या सासूबाईंना आम्ही शिलाईमावशी म्हणत आलो. आमची जुनी गल्ली होती तेव्हा तळमजल्यावरच्या खिडकीशी त्यांचे मशीन असे. रस्त्याने जाता जाता लोक खिडकीतून पँट आत देत, उंची कमी करून हवी, चेन बदलून हवी, खिसा उसवलाय. आणि मावशी मान वर न करता "उद्या" म्हणत. कागदवालीला ही नोकरी मिळाली तेव्हा तिची मुलगी पाळण्यात होती. तान्हे मूल टाकून दारोदार हिंडायचे म्हणजे काय, असे तिच्या माहेरचेच म्हणाले. मावशी म्हणाल्या, "जाऊ दे तिला. पोरगी माझ्या मशीनपाशी वाढेल." आणि वाढली. मशीनच्या घरघरीशिवाय तिला झोप येत नसे. पाहुण्यांच्या घरी गेली की रडून गोंधळ घाली. ती आता दुसऱ्या गावी कॉलेजात शिकते.

त्या दोघींची जी गोष्ट मला सगळ्यात आवडे ती संध्याकाळची. मावशी मशीनवर, सून शेजारी बुटक्या स्टुलावर, मावशींनी शिवलेल्या कपड्यांचे सुटे दोरे कापत दिवसभराचे सांगायची. नाव कुणाचेच घ्यायचे नाही हाही कामाचा नियम, म्हणून सगळे "एक गृहस्थ होते" आणि "एक बाई होत्या" असे चाले. मावशी मध्येच म्हणत, "हा बँकेतला असणार." किंवा, "त्या बाईला सांग, शेजारणीचं घर एवढं जवळ काढू नये, दृष्ट लागते." आणि कधी लहर फिरली तर, "जगाचे नकाशे गोळा करते आणि घरात मिठाची बरणी सापडत नाही." मशीन थांबे, दोघी हसत, मशीन पुन्हा सुरू होई. कागदवालीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मुळात कमी बोलणारा. तो म्हणे, "आमच्याकडे रेडिओ घेतला नाही, कारण गरजच पडली नाही."

मग आमच्या गल्लीवरून मोठा रस्ता जायचा ठरला. विभागाने आमच्याही गल्लीचे नकाशे घेतले. कागदवालीने नाही, आपल्या गल्लीत आणि आपल्या माणसांकडून नकाशा घ्यायचा नसतो, म्हणून दुसरीच एक मुलगी येऊन गेली. रस्ता व्हायचा तो झाला. आम्हाला सगळ्यांना गावाच्या कडेला नव्या इमारतींमध्ये घरे मिळाली. घरे वाईट नाहीत. भिंती सरळ आहेत, नळाला पाणी आहे. पण सगळ्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या, तोच रंग, तोच जिना, तीच गॅलरी, आणि क्रमांक रंगवला आहे तो मागच्या भिंतीवर, जिथून कुणीच येत नाही. मावशींचे मशीन आतल्या खोलीत कोपऱ्यात लागले. पाचव्या मजल्यावरच्या खिडकीतून पँट कोण आत देणार?

दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. मावशी काळा दोरा आणायला एकट्या खाली उतरल्या. दोरा मिळाला. परत येताना मधल्या चौकात उभ्या राहिल्या आणि त्यांना चारी बाजूंना एकच इमारत चारदा दिसली. तशा त्या किती वेळ उभ्या होत्या ते त्यांनी कुणाला सांगितलेले नाही. तेवढ्यात सून कामावरून येताना दिसली. खांद्याला कागदांची पिशवी, दिवसभर लोकांसमोर बसून आलेली.

"बरी आलीस," मावशी म्हणाल्या. "अगं, आपली इमारत यातली कुठली?"

"तुम्हाला कुठली वाटते?" कागदवाली म्हणाली.

जवळ दोन बायका उभ्या होत्या. त्यांतली एक तोंडावर हात ठेवून हसली.

कागदवाली मला नंतर म्हणाली, "बाई, ते मी बोललेच नाही हो. ते तोंडातून बाहेर पडलं, आणि मग मी ऐकलं." पण तोवर मावशींनी तिच्याकडे एकदा नीट पाहिले होते. "ती वाटते," असे म्हणून समोरच्या इमारतीकडे बोट केले आणि त्या चालू लागल्या.

"आई, अहो, तिकडं नाही, आपली ही इकडची."

"आता नको सांगूस. मला वाटतेय ना, मग मी जाते."

आणि खरेच गेल्या. परक्या इमारतीत शिरल्या, लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेल्या आणि जिथे आपले दार असायला हवे तिथली घंटा वाजवली. गालांवर दाढीचा फेस असलेल्या एका गृहस्थाने दार उघडले.

"कोण हवंय आपल्याला?"

"कुणी नको," मावशी म्हणाल्या आणि मागे वळल्या. मागे जिना चढून धापा टाकत सून उभी होती. एरवी या प्रसंगावर त्या दोघी महिनाभर हसल्या असत्या. त्या दिवशी मावशी तिच्या बाजूने नुसत्या निघून गेल्या.

तेव्हापासून मावशी खाली उतरेनात. सुनेशी बोलणे बंद झाले असेही म्हणता येत नाही. बोलत, पण एकच वाक्य.

"आई, चहा ठेवू?"

"तुला काय वाटतं?"

"भाजीत मीठ पडलंय ना?"

"तुला काय वाटतं?"

बाकीचे सगळे मुलाच्या मार्फत. "अरे, तिला सांग, दिवा बंद कर." दिव्याचे बटण मावशींच्याच हाताशी असे. तो बिचारा मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं मी रोज काढतो. आता मीच अडकलोय. आणि वरून कुणी येतही नाही."

मी मावशींची समजूत घालायला गेले. त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी म्हटले, सवय आहे तिची, इतक्या वर्षांची, तिच्या मनात काही नव्हते.

"सवय बाहेरच्या लोकांसाठी असते," मावशी म्हणाल्या. "मास्तरीणबाई, मी त्या चौकात कुणा परक्याला विचारलं असतं तर त्यानं मला हाताला धरून दारापर्यंत सोडलं असतं. मी परक्याला विचारलं नाही, हिला विचारलं. आणि हिनं मला तिच्या कागदावरची एक बाई करून टाकलं." थोडे थांबून म्हणाल्या, "उद्या माझीही गोष्ट सांगेल कुणाला. एक बाई होत्या म्हणून."

मी तशीच उठून घरी आले.

कागदवालीने माफी मागून पाहिली. "माफी कशाची?" मावशी म्हणाल्या. "तुझं काही चुकलं का? तुला काय वाटतं?" मग एका दुपारी त्यांनी आपल्या लेकीला फोन लावला. मला घेऊन जा, म्हणाल्या. चार दिवसांसाठी नाही, राहायलाच.

लेक दूरच्या गावी असते. स्वभावाने फार चांगली, हौशी. तिने लगेच मागची खोली रिकामी केली, तिला रंग दिला. पण ती आणि तिचा नवरा सकाळी निघतात ते संध्याकाळी येतात. मागच्या खोलीला खिडकी आहे, ती एका गोदामाच्या भिंतीकडे उघडते. हे सगळे कागदवालीला ठाऊक होते आणि म्हणूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

विभागात मॅडमच्या ते ध्यानात आले. कागदवाली खणांच्या कपाटापाशी एक खण उघडून नुसती उभी होती. मॅडमनी काय झाले म्हणून विचारले, तिने सांगितले. मॅडम आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"ही सवय मीच लावली तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आमचा मुलगा लहानपणी माझ्यावर चिडायचा. म्हणायचा, आई, तू घरी तरी हो किंवा नाही म्हण. आता मोठा झालाय, काही विचारतच नाही."

कागदवालीसमोर जो खण उघडा होता त्यात उठवलेल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या बायकांचे कागद होते, इकडचेही आणि दूरदेशचेही. एवढा मोठा कागद, आणि त्यावर मधोमध एक पलंग, एक खिडकी, एक दार. दाराच्या पुढे काही नाही. बाकी सगळा कागद पांढरा. विभागात त्यांना आक्रसलेले नकाशे म्हणतात. "बाई, असे कागद मी कितीतरी लोकांकडून आणलेत," ती मला म्हणाली. "पाठीवर तारीख घालून, नीट घडी करून आणलेत. त्या दिवशी मात्र एकेक उलटताना वाटलं, ही आमच्या आईंची खुर्ची, ही आमच्या आईंची गॅलरी. आणि तिकडे गेल्या तर गॅलरीही जाईल."

रविवारी लेक आली. दोन तिकिटे घेऊनच आली होती, संध्याकाळच्या गाडीची. मलाही चहाला बोलावले, मी बिस्किटे घेऊन गेले. मावशींची बॅग दाराशी भरून ठेवली होती. मशीन जाणार नव्हते, त्यावर जुनी चादर घातली होती. सगळे टेबलाभोवती बसलो, आणि कुणाला काय बोलावे ते सुचेना. लेक बोलकी, तिला असली शांतता सोसत नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "इतक्या लोकांकडून नकाशे काढून घेतेस. तू स्वतः कधी काढलास का गं?"

"आम्ही काढायचा नसतो."

"का?"

"मग दुसऱ्याचा बघताना मध्ये मध्ये आपलाच दिसायला लागतो."

मावशी खुर्चीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. तशाच, भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काढायला सांग तिला. मी बसते समोर."

मुलाने कप खाली ठेवला. कागदवाली उठली, पिशवीतून कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन आली. मावशींनी खुर्ची वळवून टेबलाशी घेतली, हात मांडीवर ठेवले आणि चेहरा अगदी कोरा केला. सून कामावर असताना कशी बसत असेल ते त्यांनी इतकी वर्षे ऐकून ऐकून पाठ केले होते. लेकीला हसू येत होते, पण तिने ते बिस्किटात दडवले.

कागदवालीने आधी इमारत काढली. एक उभा चौकोन, वरच्या बाजूला आमचा मजला. मग फाटक. मग रस्ता, बसथांबा. आणि तिथे हात थांबला. ती सकाळी घाईने निघते, संध्याकाळी दमून येते, रविवारी घर आवरते. आमच्या नव्या जागेतले तिला बसथांब्यापलीकडे खरोखरच काही ठाऊक नव्हते. तिचाही कागद पांढराच राहणार असे दिसू लागले. तिने पेन्सिल उचलली, पुन्हा टेकवली.

"आपल्या समोरचं ते मोठं झाड," ती हळूच म्हणाली. "आई, ते फाटकाच्या डावीकडे आहे की उजवीकडे?"

आता काय येणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. लेक छताकडे बघू लागली. मावशींनी तोंड उघडले आणि मिटले. त्या सुनेच्या हाताकडे बघत होत्या. पेन्सिलीचे टोक कागदावर एकाच जागी दाबून धरले होते आणि तिथे एक काळा ठिपका मोठा मोठा होत चालला होता.

"उजवीकडे," मावशी म्हणाल्या. "त्याच्या खाली चावीवाला बसतो."

कागदवालीने झाड काढले, झाडाखाली माणूस काढला.

"छत्री दे त्याला. ऊन फिरेल तशी तो छत्री फिरवतो. झाडाच्या पलीकडे पाण्याची टाकी. तिथून शिशुवर्गाची पोरं येतात, एका दोरीला धरून, एकामागे एक. एक पोरगं रोज दोरी सोडतं. अगं, टाकी इतकी जवळ नाही. लांब घे. इथं." आणि मावशींनी कागदावर बोट ठेवले.

त्या खाली उतरल्या नव्हत्या, पण दिवस दिवस गॅलरीत बसून होत्या. वरून पाहिलेले सगळे आता येऊ लागले. शेजारच्या इमारतीच्या दाराशी निळी बादली असते ती, दुपारी गाद्या वाळत घालणाऱ्या जोडप्याचे भांडण, दोऱ्याच्या दुकानामागची मोकळी जागा. मावशींचे बोलणे पुढे आणि पेन्सिल मागे धावते, असे चालले होते. विभागाच्या दृष्टीने तो कागद केव्हाच बाद झाला होता.

"आणि बाक?" मावशींनी विचारले.

"कुठला बाक?"

"तू रोज बसतेस तो."

पेन्सिल थांबली.

"संध्याकाळी फाटकातून आत येतेस," मावशी म्हणाल्या, "आणि सरळ वर येत नाहीस. टाकीपाशी बाक आहे, त्यावर बसतेस. पिशवी मांडीवर घेऊन. दिवे लागतात तरी बसून असतेस. मी म्हणते, आता उठेल, आता उठेल." मग जरा खालच्या आवाजात, "वर यायचं जिवावर येतं ना गं?"

कागदवालीच्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हते, तो तिच्यानंतर घरी येतो. तो बायकोकडे बघू लागला. मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण कुठेतरी बघायला हवे होते.

"हो," कागदवाली म्हणाली. "जिवावर येतं. दार उघडलं की तुम्ही पाठ करून बसलेल्या असणार. म्हणून थोडं बसते तिथंच."

 कागदावरच्या टाकीपाशी मावशींचे बोट तसेच होते.

"मी काही आधीपासून पाठ करून नसते बसत," त्या शेवटी म्हणाल्या. "तू उठेपर्यंत गॅलरीत उभी असते. तू उठलीस की आत येते, आणि मग खुर्ची फिरवते."

यावर पहिल्यांदा लेक हसली आणि तिच्या चहात बिस्कीट पडले. मग कागदवाली हसली, पण तिचे हसणे मध्येच दुसरीकडे वळले आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मावशी म्हणाल्या, "कागद भिजेल," आणि कागद स्वतःकडे ओढून घेतला.

थोड्या वेळाने त्यांनी लेकीला विचारले, "ती तिकिटं परत होतात का गं?"

"दोन्ही?"

"माझं."

लेकीचा चेहरा उतरला. "खोलीला रंग दिलाय आई."

"कुठला?"

"फिकट निळा. तुला आवडतो म्हणून."

मावशींनी तिचा हात हातात घेतला आणि तिच्या बांगड्या एका बाजूला सारून पुन्हा सारख्या केल्या. "येईन ना," त्या म्हणाल्या. "सुट्ट्यांत येईन. पण पाहुणी म्हणून येईन. पाहुणीचे लाड होतात. घरातल्या माणसाला चार दिवसांनी तूही विचारणार नाहीस."

"हे वहिनीसमोर म्हणतेस?"

"तिलाच तर ऐकवतेय."

लेक थोडी रुसली, थोडी हसली आणि निघताना तिने आईच्या दोन्ही गालांचे पापे घेतले. संध्याकाळी तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला आम्ही सगळेच निघालो. मावशी इतक्या दिवसांनी खाली आल्या होत्या. लिफ्टच्या बाहेर पाऊल टाकताना त्यांनी भिंतीला हात लावला. चावीवाला छत्री मिटत होता. मावशींनी त्याच्याकडे ओळखीचे बघितले. त्याने त्यांना कधी पाहिलेले नव्हते, तो गोंधळला आणि त्याने मान लववली. बस आली. बहिणीला मोठ्या स्थानकावर गाडीत बसवून देण्यासाठी कागदवालीचा नवराही तिच्याबरोबर चढला. खिडकीतून हात हलला, बस वळली, आणि आम्ही तिघी परत निघालो.

वरून पाहिलेले आणि खालून चालायचे यांत फार फरक असतो. चौकात आलो तशा मावशी हळू झाल्या. चारी बाजूंना त्याच गॅलऱ्या होत्या, त्यांत तेच दिवे लागले होते. त्यांनी काही विचारले नाही. त्यांचा हात मात्र पदराच्या टोकाशी चाळा करू लागला.

"आई, डावीकडे," कागदवाली म्हणाली.

मावशी डावीकडे वळल्या.

"आता त्या निळ्या बादलीपर्यंत सरळ जायचं," कागदवाली सांगू लागली, "मग फाटक येतं, फाटकातून आत गेलं की पहिला जिना आपला नाही, दुसरा..."

"पुरे," मावशी म्हणाल्या. "मी काय कुकुलं बाळ आहे? एक सांगितलंस, बास. पुढचं लागलं तर विचारीन."